हर्बर्ट चॅपमन : लीगबाहेरून आलेला शिल्पकार

३ जानेवारी १९३४. नववर्षाचा पहिला बुधवार. इंग्लंडमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांना दोन दिवसांपासून सर्दीने बेजार केले होते आणि अंगात कणकणही होती. घराबाहेर पडू नये, असे क्लबच्या डॉक्टरांनी बजावले होते. चॅपमन यांनी ते मानले नाही. आर्सेनलचा तिसरा, म्हणजे होतकरू मुलांचा संघ त्या दिवशी लंडनपासून काही मैलांवरच्या गिल्डफर्ड गावी खेळणार होता. ही पोरे आठवडाभरात आपल्या दृष्टीस पडली नव्हती, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. देशातल्या सर्वात श्रीमंत क्लबचा सूत्रधार एका लहानशा मैदानाच्या कडेला उभा राहून तो सामना पाहत राहिला. चॅपमन यांनी पाहिलेला तो अखेरचा सामना ठरला. सर्दीचे रूपांतर न्यूमोनियात झाले आणि ६ जानेवारीच्या पहाटे, वयाची ५६ वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले असताना, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गिल्डफर्ड सिटी हा इंग्लंडच्या 'फुटबॉल लीग'मध्ये नसलेला क्लब होता. अशा क्लबांना तेथे 'नॉन-लीग' म्हणजे लीगबाह्य म्हणतात. चॅपमन यांचा अखेरचा सामना लीगबाह्य मैदानावर व्हावा, हा योगायोग खरा. पण त्यात त्यांच्या आयुष्याचे सारही दडलेले आहे. आर्सेनलचे चॅपमन, सलग विजेतेपदांचे चॅपमन, महागडे खेळाडू विकत घेणारे चॅपमन सर्वांना ठाऊक आहेत. मुंबई-पुण्यात रात्री जागून आर्सेनलचे सामने पाहणाऱ्या तरुणांनाही त्यांचे नाव ऐकून माहीत असते. मात्र हा माणूस व्यवस्थापक म्हणून घडला तो नॉर्दम्प्टन नावाच्या एका दरिद्री, तळाला गेलेल्या लीगबाह्य क्लबमध्ये. पुढे ज्या कल्पनांनी त्यांनी फुटबॉलचा चेहरामोहरा बदलला, त्यांतल्या बऱ्याचशा कल्पनांचा उगम तेथेच सापडतो.

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील शेफील्डजवळच्या किव्हेटन पार्क या खाणगावात झाला. वडील कोळसा खाणीत कामगार होते. घरात भावंडांची गर्दी. अशा गावातील मुलाने वयात येताच वडिलांच्या मागोमाग खाणीत उतरावे, हाच शिरस्ता होता. हर्बर्ट मात्र अभ्यासात हुशार निघाले आणि शेफील्डच्या तंत्रशाळेत खाण अभियांत्रिकी शिकले. फुटबॉलचे वेड साऱ्या घरालाच होते. धाकटा भाऊ हॅरी तर गुणवान खेळाडू होता. शेफील्ड वेन्सडे संघाकडून त्याने १९०३ आणि १९०४ मध्ये लीगचे विजेतेपद आणि १९०७ मध्ये एफए चषक जिंकला.

हर्बर्ट यांच्या वाट्याला असे यश आले नाही. ते आघाडीच्या फळीत खेळत. अंगाने दणकट आणि मेहनती होते, पण असामान्य प्रतिभा त्यांच्यापाशी नव्हती. स्टॅलीब्रिज, रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन, शेपी, वर्कसॉप, नॉर्दम्प्टन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम अशी त्यांच्या क्लबांची यादी बरीच लांबते. कोठेही पाय रोवून राहणे जमले नाही. कारकिर्दीच्या बऱ्याच काळात ते हौशी खेळाडू होते. त्यामुळे क्लब निवडताना त्या गावात अभियंत्याची नोकरी मिळेल की नाही, हे आधी पाहावे लागे. पायात ते फिकट पिवळ्या रंगाचे बूट घालत. गर्दीत सहकाऱ्यांना आपण चटकन दिसावे, हा त्यामागचा हेतू. लोकांना ते विचित्र वाटे, पण मैदानावरच्या साध्या गोष्टीचाही उपयोग काय, हा विचार करण्याची त्यांची सवय तेव्हापासूनची होती.

१९०७ मध्ये टॉटनहॅममधील त्यांचे दिवस संपत आले. चॅपमन यांनी वयाची एकोणतिशी गाठली होती. फुटबॉल सोडून पूर्णवेळ अभियंता व्हायचे, असे त्यांनी जवळपास ठरवले होते. त्याच सुमारास त्यांचे संघसहकारी वॉल्टर बुल यांना नॉर्दम्प्टन टाउन क्लबने खेळाडू-व्यवस्थापक होण्याविषयी विचारले. बुल यांनी विचार बदलला आणि आपल्याऐवजी चॅपमन यांचे नाव सुचवले. फुटबॉलच्या इतिहासाला वळण लागले ते असे, दुसऱ्याने नाकारलेल्या जागेमुळे.

ही जागा कोणी आनंदाने पत्करावी अशी नव्हतीच. नॉर्दम्प्टन हे इंग्लंडच्या मध्यभागातले पादत्राणांच्या उद्योगाचे गाव. त्यावरूनच क्लबला 'कॉब्लर्स' म्हणजे जोडे शिवणारे असे टोपणनाव पडले. क्लबची स्थापना १८९७ ची. स्वतःचे मैदान नाही. काउंटी क्रिकेट क्लबच्या मैदानाच्या एका कडेला फुटबॉल खेळला जाई. संघ 'सदर्न लीग'मध्ये होता आणि लागोपाठ दोन हंगाम गुणतालिकेत शेवटच्या स्थानी राहिला होता.

तेव्हाची व्यवस्था येथे समजून घ्यायला हवी. १८८८ मध्ये बारा क्लबांनी सुरू केलेल्या फुटबॉल लीगमध्ये १९०७ च्या सुमारास दोन श्रेणी आणि चाळीस क्लब होते. त्यांतले बहुसंख्य उत्तरेकडचे आणि मध्य इंग्लंडमधले. दक्षिणेकडच्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना सदर्न लीगवरच समाधान मानावे लागे. तेथे अव्वल ठरले तरी फुटबॉल लीगचे दार आपोआप उघडत नसे. लीगमधील क्लबांनी मते देऊन निवडले तरच प्रवेश. १९०८ मध्ये टॉटनहॅमला असा प्रवेश मिळाला. त्या वर्षी सदर्न लीग जिंकणाऱ्या क्वीन्स पार्क रेंजर्सना मात्र मिळाला नाही. मैदानावरील गुणांपेक्षा क्लबचा आकार, त्याचे शहर आणि त्याची पत यांना वजन होते. लीगबाह्य विजेत्याला आपोआप प्रवेश देण्याची पद्धत सुरू व्हायला पुढे १९८७ साल उजाडावे लागले.

व्यवस्थापक या पदाला तरी तेव्हा काय अर्थ होता? बहुतेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळ करी. व्यवस्थापकाने पत्रव्यवहार सांभाळावा, प्रवासाची तिकिटे काढावीत, हिशेब ठेवावा. खेळाडूंनी मैदानावर काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे. डावपेच आखणे ही जणू प्रामाणिक खेळाला न शोभणारी गोष्ट, अशीच समजूत होती. चॅपमन स्वतः अशाच संघांतून खेळले होते आणि अकरा माणसे अकरा दिशांनी धावताना त्यांनी पाहिली होती. अभियंत्याच्या नजरेला हा सारा प्रकार शक्तीचा अपव्यय वाटला असल्यास नवल नाही.

नॉर्दम्प्टनमध्ये त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आपला संघ सतत चढाई करतो, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलजवळ कोंडून धरतो आणि तरीही हरतो. कारण तेथे इतकी गर्दी होते की गोल मारायला जागाच उरत नाही. आणि चेंडू हातचा गेला की आपली पाठ उघडी पडते. मग त्यांनी उलटा विचार केला. मधल्या फळीतील खेळाडूंना मागे घ्यायचे, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे आणि त्याच्या बचावपटूंच्या मागे मोकळी जागा तयार झाली की वेगाने चेंडू तेथे पोहोचवायचा. आज याला प्रतिआक्रमण म्हणतात आणि शाळकरी मुलांनाही ते ठाऊक असते. १९०७ मध्ये मात्र ते नवे होते. श्रीमंत संघाला अशी युक्ती शोधण्याची निकड नसते. ज्याच्याकडे चांगले खेळाडू विकत घ्यायला पैसे नाहीत, त्यालाच असलेल्या खेळाडूंकडून जास्तीत जास्त काम कसे काढावे याचा विचार करावा लागतो.

सामन्यापूर्वी खेळाडूंना एकत्र बसवून त्यांच्याशी खेळाविषयी बोलण्याचा परिपाठही त्यांनी ठेवला. यात केवळ हुकूम सोडणे नव्हते; खेळाडूंचे म्हणणे ऐकून घेणेही होते. सुरुवातीला ते स्वतःही मैदानात उतरत, त्यामुळे या बोलण्याला वजन होते. संचालकांकडून त्यांनी खेळाडूंसाठी पैसाही मिळवला. वेल्सचा आंतरराष्ट्रीय बचावपटू लॉइड डेव्हिस याच्यासाठी चारशे पौंड मोजण्यात आले. नॉर्दम्प्टनसाठी ही तोवरची विक्रमी रक्कम होती. दुसरीकडे, शेजारच्या वेलिंगबरो गावातून त्यांनी जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा फ्रेड वॉल्डन हा पोरगा हेरला. हा वॉल्डन पुढे इंग्लंडकडून फुटबॉल खेळला आणि उतारवयात क्रिकेटचा कसोटी पंचही झाला.

पहिल्याच हंगामात नॉर्दम्प्टन तळातून आठव्या स्थानी आले. दुसऱ्या हंगामात, १९०८-०९ मध्ये, त्यांनी सदर्न लीगचे विजेतेपद पटकावले. दोन वर्षांपूर्वी शेवटचा असलेला संघ पहिला आला. त्या काळी फुटबॉल लीग आणि सदर्न लीगचे विजेते 'चॅरिटी शील्ड'साठी आमनेसामने येत. नॉर्दम्प्टनने बलाढ्य न्यूकॅसल युनायटेडशी झुंज दिली आणि ते दोन गोलने हरले. १९११ मध्ये एफए चषकात तर त्यांनी न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर बरोबरीत रोखले. फेरसामन्यात मात्र पराभव पत्करावा लागला.

या काळातील चॅपमन यांच्या एका निर्णयाची दखल घेतलीच पाहिजे. ऑक्टोबर १९११ मध्ये त्यांनी टॉटनहॅमकडून वॉल्टर टल या खेळाडूला घेतले. टलचे वडील मूळचे बार्बाडोसचे. आईवडिलांविना अनाथाश्रमात वाढलेला हा तरुण इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडूंपैकी एक होता. १९०९ मध्ये ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांनी त्याला वर्णावरून अर्वाच्य शिवीगाळ केली. त्यानंतर टॉटनहॅमच्या मुख्य संघातून तो मागे पडत गेला. चॅपमन यांनी त्याची खेळी पाहिली आणि त्याला नॉर्दम्प्टनच्या मधल्या फळीत स्थान दिले. टल या क्लबकडून शंभराहून अधिक सामने खेळला. पहिल्या महायुद्धात तो लष्करी अधिकारी झाला आणि मार्च १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर धारातीर्थी पडला. नॉर्दम्प्टनमध्ये आज त्याचे स्मारक आहे.

विजेतेपदानंतरच्या तीन हंगामांत नॉर्दम्प्टन चौथ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानी राहिले. पण पुढे काय? लीगचे दार बंदच होते. कितीही जिंकले तरी पोहोचायला जागा नाही, ही लीगबाह्य व्यवस्थापकाची कोंडी चॅपमन यांनी पाच वर्षे अनुभवली. अखेर १९१२ मध्ये त्यांनी दुसऱ्या श्रेणीतील लीड्स सिटीची धुरा स्वीकारली. आधीच्या हंगामात हा क्लब इतका खाली घसरला होता की लीगमध्ये टिकण्यासाठी त्याला पुन्हा मते मागावी लागली होती. चॅपमन यांनी त्याला पहिल्या वर्षी सहाव्या आणि दुसऱ्या वर्षी चौथ्या स्थानी नेले. पहिली श्रेणी हाकेच्या अंतरावर आली आणि महायुद्धाचा भडका उडाला.

नियमित लीग स्थगित झाली. खेळाडू सैन्यात गेले. प्रादेशिक स्पर्धांत पाहुणे खेळाडू घेऊन क्लब कसेबसे चालत राहिले. १९१६ मध्ये चॅपमन यांनी लीड्सजवळच्या बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी धरली. क्लबचा कारभार इतरांच्या हाती गेला. युद्ध संपल्यावर ते परतले, पण १९१८ च्या अखेरीस त्यांनी अचानक राजीनामा दिला आणि सेल्बी येथील एका तेलाच्या कारखान्यात नोकरी पत्करली.

त्यानंतर कोसळले ते संकट. युद्धकाळात लीड्स सिटीने पाहुण्या खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिले, अशी तक्रार क्लबच्याच एका माजी खेळाडूने केली. चौकशी समितीने हिशेबाच्या वह्या मागितल्या. क्लबने त्या दिल्या नाहीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये, हंगामातले आठ सामने झालेले असताना, लीड्स सिटीची लीगमधून हकालपट्टी झाली. लीड्समधील एका हॉटेलात क्लबच्या खेळाडूंचा अक्षरशः लिलाव झाला. चॅपमन आणि इतर काही पदाधिकाऱ्यांवर तहहयात बंदी आली. ज्या खेळासाठी त्यांनी हातचा व्यवसाय दुय्यम मानला होता, त्या खेळाचे दार वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले. पुढे कारखान्यातली नोकरीही गेली.

या प्रकरणात चॅपमन किती दोषी होते, याचा निवाडा आता होणे नाही. वह्या उघडल्याच गेल्या नाहीत. त्यांच्या बाजूने एक मुद्दा होता. ते पैसे दिले गेले तेव्हा आपण क्लबमध्ये नव्हतो, बार्नबोच्या कारखान्यात होतो. हडर्सफील्ड टाउन क्लबला त्यांची गरज होती. क्लबच्या पाठिंब्याने त्यांनी अपील केले आणि बंदी उठली. फेब्रुवारी १९२१ मध्ये ते तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि महिनाभरात व्यवस्थापक झाले.

हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तेथे फुटबॉलपेक्षा रग्बीचा बोलबाला जास्त. १९१९ मध्ये तर हा क्लब लीड्सला हलवण्याचा घाट मालकाने घातला होता. गावकऱ्यांनी पैसे गोळा करून तो राखला. येथे चॅपमन यांनी नॉर्दम्प्टनचेच सूत्र मोठ्या प्रमाणावर राबवले. बचाव भक्कम, चढाई वेगवान, आणि क्लबचे सर्व संघ एकाच पद्धतीने खेळणार, म्हणजे एखादा खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्या जागी येणाऱ्याला काही नव्याने शिकावे लागू नये. अ‍ॅस्टन व्हिलाचा अनुभवी क्लेम स्टीव्हनसन त्यांनी आणला. उरलेले बहुतेक कमी परिचित खेळाडू होते. १९२२ मध्ये प्रेस्टनला १-० असे नमवून हडर्सफील्डने एफए चषक जिंकला. १९२३-२४ मध्ये कार्डिफ सिटीशी गुण समान झाले आणि गोलसरासरीतील किंचित फरकाने लीगचे विजेतेपद मिळाले. पुढच्या वर्षी ते त्यांनी राखले. १९२५-२६ मध्ये तिसऱ्यांदाही हडर्सफील्डच जिंकले. सलग तीन विजेतेपदे मिळवणारा तो पहिला इंग्लिश क्लब ठरला. पण तोपर्यंत चॅपमन लंडनला गेले होते.

१९२५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी व्यवस्थापक हवा असल्याची जाहिरात दिली. भरमसाट पैसे मोजून खेळाडू आणण्यावरच ज्यांची मदार आहे अशांनी अर्ज करू नयेत, असे त्यात बजावलेले होते. निवड झाली ती चॅपमन यांची. पुढे याच व्यवस्थापकाने दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम देऊन बोल्टनचा डेव्हिड जॅक आणला आणि खेळाडूसाठी पाच आकडी किंमत मोजण्याचा पायंडा पाडला. या सौद्याची एक गंमत सांगितली जाते. बोल्टनच्या मंडळींना हॉटेलात मद्य पाजले जात असताना चॅपमन यांच्या पेल्यात मात्र, वेटरला आधीच दिलेल्या सूचनेनुसार, मद्याचा थेंबही नव्हता म्हणे.

त्याच १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पुढे दिला जात असताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे ठरले. गोलांचा पाऊस पडू लागला. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. त्या पराभवानंतर ज्येष्ठ खेळाडू चार्ली बुकन यांनी मधल्या फळीच्या मध्यभागी खेळणाऱ्याला मागे खेचून तिसरा बचावपटू करावे, असा आग्रह धरला. अन्य क्लबही असे प्रयोग करत होते. चॅपमन यांनी ही सूचना मानली. पुढे आघाडीतील दोघे मागे येऊन जोडणीचे काम करू लागले आणि इंग्रजी 'डब्ल्यू' व 'एम' अक्षरांच्या आकाराची ती रचना सिद्ध झाली, जी पुढची पाव शतकभर जगाने गिरवली. कल्पनेचे श्रेय एकट्या चॅपमन यांचे नव्हे. मात्र माणसे मागे घ्यावीत, समोरच्याला पुढे येऊ द्यावे आणि मग घाव घालावा, हा त्यातला गाभा नॉर्दम्प्टनच्या क्रिकेट मैदानाच्या कडेला अठरा वर्षांपूर्वी आकारास आला होता.

या रचनेला लागणारी माणसे चॅपमन यांनी कोठून शोधली, हे पाहण्यासारखे आहे. दोन बचावपटूंमधला खांब म्हणून उभा राहिला हर्बी रॉबर्ट्स. पेशाने बंदुकांचा कारागीर असलेला हा तरुण ऑस्वेस्ट्री या लीगबाह्य क्लबकडून अवघ्या दोनशे पौंडांत आला. डावा बचावपटू एडी हॅपगुड हा दूधवाला. तो नॉर्दम्प्टनपासून जवळच असलेल्या केटरिंगच्या लीगबाह्य संघाकडून जेमतेम काही सामने खेळला होता. अंगाने इतका किरकोळ की पाण्याने जड झालेला कातडी चेंडू डोक्याने मारताना त्याला भोवळ येई. उजवा बचावपटू जॉर्ज मेल हा लंडनच्या क्लॅप्टन या हौशी क्लबचा. मेल मधल्या फळीत खेळे. चॅपमन यांनी एक दिवस त्याला कार्यालयात बोलावले आणि त्याची जागा बदलणार असल्याचे समजावले. बाहेर पडताना आपण देशातले सर्वोत्तम उजवे बचावपटू आहोत, याविषयी मेलच्या मनात शंका उरली नव्हती. हॅपगुड आणि मेल दोघेही पुढे इंग्लंडचे कर्णधार झाले. आर्सेनलला 'बँक ऑफ इंग्लंड'चा संघ म्हणून हिणवले जाई. त्या संघाची बचावाची भिंत मात्र लीगबाह्य आणि हौशी मैदानांवरून वेचलेल्या विटांची होती.

यश लगेच आले नाही. पहिल्या हंगामात दुसरे स्थान मिळाले. नंतर चार वर्षे झगडण्यात गेली. मध्यंतरी आर्थिक गैरव्यवहाराच्या चौकशीत नॉरिस यांच्यावर बंदी आली. चॅपमन यांच्यावर या वेळी ठपका आला नाही. १९२९ मध्ये प्रेस्टनहून अ‍ॅलेक्स जेम्स आणि एक्झिटरहून सतरा वर्षांचा क्लिफ बॅस्टिन आला आणि घडी बसली. २६ एप्रिल १९३० रोजी वेम्बलीवर एफए चषकाची अंतिम लढत झाली ती आर्सेनल आणि हडर्सफील्ड यांच्यात. दोन्ही संघ चॅपमन यांचेच. म्हणून ते प्रथमच शेजारी-शेजारी चालत मैदानात आले. सामना सुरू असताना आकाशातून 'ग्राफ झेपेलिन' हे अजस्र जर्मन हवाई जहाज गेले. आर्सेनलने २-० असा विजय मिळवून आपला पहिला मोठा चषक उचलला. १९३०-३१ मध्ये १२७ गोल आणि विक्रमी ६६ गुणांसह त्यांनी लीग जिंकली. १९३२-३३ मध्ये पुन्हा.

चॅपमन यांचे लक्ष मैदानापुरते मर्यादित नव्हते. खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक असावेत, चेंडू पांढरा असावा, रात्री प्रकाशझोतात खेळावे, असा आग्रह ते धरत. १९२८ मध्ये आर्सेनलने क्रमांकांचे सदरे वापरून पाहिले. लीगने त्याला मान्यता दिली ती १९३९ मध्ये. हायबरी मैदानावर त्यांनी १९३२ मध्ये दिवे लावून घेतले, पण प्रकाशझोतातला पहिला लीग सामना व्हायला १९५६ साल उजाडले. क्लबच्या लाल सदऱ्याला पांढऱ्या बाह्या त्यांनी दिल्या. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाचे गिलेस्पी रोड हे नाव बदलून 'आर्सेनल' करून घेतले, हा तर त्यांच्या चिकाटीचा कळस. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक ह्यूगो मायसल यांच्याशी त्यांचा स्नेह होता. परदेशी फुटबॉलकडे तुच्छतेने पाहण्याच्या त्या दिवसांत चॅपमन त्यातून शिकत होते.

अर्थात, लहान क्लब मोठ्याला कसा पाडतो, याचा धडा त्यांनाही मिळाला. जानेवारी १९३३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील वॉल्सॉलने चिमुकल्या मैदानावर आर्सेनलला एफए चषकातून २-० असे बाहेर फेकले. आजारपणामुळे नेहमीचे काही खेळाडू नव्हते आणि चॅपमन यांनी नवख्यांवर विसंबण्याचे धाडस केले होते. पेनल्टी ओढवून घेणाऱ्या टॉमी ब्लॅकला त्यांनी आठवड्याभरात दुसऱ्या क्लबला विकून टाकले. खेळाडूंची काळजी वाहणारा हा माणूस असा कठोरही होऊ शकत असे. एकेकाळी नॉर्दम्प्टनला घेऊन न्यूकॅसलला रोखणाऱ्या चॅपमन यांना तो पराभव इतका का झोंबला असेल, याची कल्पना करता येते.

१९३४ च्या नववर्षदिनी ते एका खेळाडूची पारख करायला बरीला गेले. दुसऱ्या दिवशी आर्सेनलचा पुढचा प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडेचा खेळ पाहायला शेफील्डला. मध्ये मुक्काम किव्हेटन पार्कला, जेथे त्यांचे बालपण गेले त्या खाणगावात. सर्दी घेऊन ते लंडनला परतले आणि मग गिल्डफर्ड. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, इतके सारे मिळवल्यावर, तिसऱ्या संघातील पोरांसाठी थंडीत उभे राहण्याची त्यांना गरज नव्हती, असे आपण म्हणू. त्यांना तसे वाटले नाही. चांगला खेळाडू कोठेही सापडतो, फक्त कोणीतरी जाऊन पाहायला हवे, ही त्यांची आयुष्यभराची कामाची रीत होती.

६ जानेवारीला दुपारी आर्सेनलचा सामना ठरल्याप्रमाणे झाला, शेफील्ड वेन्सडेशीच. मैदानाकडे निघालेल्या अनेकांना वाटेतच बातमी कळली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. चार दिवसांनी हेंडन येथे त्यांचा दफनविधी झाला. खेळाडूंनीच शवपेटीला खांदा दिला. आर्सेनलने तो हंगाम जिंकला आणि पुढचाही. सलग तीन विजेतेपदे मिळवणारा तो दुसरा क्लब, पहिला हडर्सफील्ड. दोन्ही संघांची पायाभरणी एकाच माणसाची आणि दोन्हीकडे तिसरे विजेतेपद पाहायला तो तेथे नव्हता.

त्यांचा अर्धपुतळा शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी घडवला. हायबरी मैदान २००६ मध्ये बंद झाले. नव्या मैदानाबाहेर २०११ मध्ये चॅपमन यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. हेंडनमधील त्यांच्या घरावर २००५ मध्ये स्मृतिफलक लागला. नॉर्दम्प्टनला फुटबॉल लीगमध्ये स्थान मिळाले ते १९२० मध्ये, तिसरी श्रेणी सुरू झाली तेव्हा. चॅपमन यांना तेथून जाऊन आठ वर्षे लोटली होती आणि ते स्वतः त्या वेळी बंदीच्या छायेत होते. आज व्यवस्थापक हा फुटबॉलचा केंद्रबिंदू मानला जातो. तो संघ निवडतो, डावपेच आखतो, क्लबची ओळख ठरतो. तिकिटे काढणाऱ्या कारकुनापासून येथपर्यंतचा या पदाचा प्रवास सुरू झाला तो जोडे शिवणाऱ्यांच्या एका गावात, लीगमध्ये ज्याला कोणी घेत नव्हते अशा एका संघाबरोबर.